फाईल सर्व्हरच्या चाव्या : कोणाकडे किती, आणि त्यांची तपासणी कशी करावी

बँकेत नोकरीस लागल्यावर पहिल्याच आठवड्यात आम्हांस जे शिकविण्यात आले ते नोटा मोजण्यासंबंधी नव्हते, चावीसंबंधी होते. स्ट्राँगरूममधील तिजोरी एका चावीने उघडत नाही. एक चावी हेड कॅशियरकडे व दुसरी अधिकाऱ्याकडे असते, आणि दोघे समोर उभे असल्याशिवाय दार हलत नाही. कोणती चावी कोणाच्या ताब्यात आहे हे रजिस्टरमध्ये लिहिलेले असते. रजेवर जावयाचे तर सही करून चावी द्यावयाची, परत आल्यावर सही करून घ्यावयाची. बदलीचा आदेश हातात पडला तरी चार्ज दिल्याशिवाय माणूस मोकळा होत नाही.

गेल्या वीस-बावीस वर्षांत आम्ही पाच-सहा टेबले बदलली. प्रत्येक वेळी चार्ज लिस्ट केली. रबरी शिक्के, रजिस्टरे, कपाटाच्या किल्ल्या, एकदा तर पंचिंग मशीनसुद्धा मोजून दिले. परंतु त्या टेबलावर बसून संगणकावरील जी फोल्डरे आम्ही उघडत होतो, त्यांची चावी परत मागणारा एकही साहेब आम्हांस भेटला नाही. कर्ज विभाग सोडून चार वर्षे झाल्यावरही कर्ज विभागाची फोल्डरे आमच्या लॉगिनने उघडत होती, हे आम्हांला एका ऑडिटच्या वेळी कळले. कळले म्हणण्यापेक्षा कबूल करावे लागले म्हणणे अधिक बरोबर. त्या ऑडिटची हकिकत पुढे येईलच. आधी फाईल सर्व्हर म्हणजे काय ते पाहू.

अनेक टेबलांवरील संगणक तारेने एकमेकांना जोडलेले असतात आणि सर्वांचे समाईक कागद एका मोठ्या संगणकावर ठेवलेले असतात. हा मोठा संगणक म्हणजे फाईल सर्व्हर. पूर्वीच्या रेकॉर्डरूमचेच हे नवे रूप समजावे. फरक एवढाच की, रेकॉर्डरूममध्ये दप्तरबंद कागदांच्या गठ्ठ्यांजवळ एक शिपाई बसलेला असे व फाईल कोण मागतो हे तो पाहत असे. सर्व्हरमध्ये त्या शिपायाचे काम एक यादी करते. प्रत्येक फोल्डरला ही यादी चिकटलेली असते. कोणी फक्त वाचावे, कोणी लिहावे, कोणी पुसून टाकावे, आणि या यादीतच बदल करण्याचा अधिकार कोणाला, हे तीत नोंदलेले असते. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९६० च्या दशकात मल्टिक्स नावाच्या संगणक प्रणालीत अशा याद्या आल्या होत्या. पुढे १९७५ साली जेरोम साल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी संगणकातील माहितीच्या संरक्षणावर एक निबंध प्रसिद्ध केला. ज्याला जे काम आहे त्या कामापुरताच अधिकार त्याला असावा, त्याहून अधिक नसावा, हे तत्त्व त्यांनी त्यात मांडले. आजही परवानग्यांची तपासणी करणारा प्रत्येक जण हेच माप हातात घेऊन बसतो.

येथे एक शंका येईल. बँकेचे खरे हिशेब तर कोअर बँकिंगमध्ये असतात, तेथे एकाने नोंद केली की दुसऱ्याने मंजूर करावी लागते, मग सर्व्हरवरील किरकोळ कागदांची एवढी चिंता कशाला? आम्हीही बरीच वर्षे असेच समजत होतो. परंतु त्या कडेकोट प्रणालीतून रोज याद्या बाहेर निघतात. थकबाकीदारांची यादी, मुदत संपणाऱ्या ठेवींची यादी, पेन्शनरांचे पत्ते व फोन नंबर. साहेबांना रिपोर्ट हवा म्हणून कोणी ती यादी एक्सेलमध्ये उतरवितो, सर्व्हरवर ठेवतो आणि विसरतो. तिजोरीला दोन चाव्या, आणि तिजोरीतील मालाची नक्कल मात्र व्हरांड्यातील टेबलावर! सर्व्हर तपासावयाचा तो या नकलांसाठी. शाळा, पतसंस्था, दवाखाने, गृहनिर्माण संस्था यांचेही तसेच आहे. मुलांचे दाखले, सभासदांचे आधार क्रमांक, रुग्णांचे रिपोर्ट हे सगळे अशाच फोल्डरांत पडलेले असते.

आता ऑडिटची हकिकत. त्या वेळी आम्ही बँकेच्या एका विभागीय कार्यालयात होतो. दिवाळीपूर्वी सणाच्या उचलीचा फॉर्म सर्वांना हवा असे. तो सर्व्हरवर ‘स्टाफ’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेला होता. फॉर्म शोधता शोधता आमच्याकडून शेजारचे एक फोल्डर उघडले गेले. त्यात कर्मचाऱ्यांची औषधोपचाराची बिले स्कॅन करून ठेवली होती. आमच्याच मजल्यावर बसणाऱ्या एका सहकाऱ्याच्या पत्नीचे कागद त्यात होते. मानसिक आजारावरील उपचार, डॉक्टरांचे नाव, औषधे, तारखा सर्व काही. आम्ही ते फोल्डर लगेच बंद केले असे लिहिता आले असते तर बरे वाटले असते. आम्ही दोन पाने वाचली, मग बंद केले. कोणाला काही बोललो नाही.

पुढे महिना-दीड महिन्यात कँटीनमध्ये कुजबुज सुरू झाली. त्या सहकाऱ्याने ही गोष्ट स्वतःच्या भावापासूनही लपविलेली होती. तो सरळ स्टाफ विभागातील मॅडमपाशी गेला आणि सर्वांसमोर म्हणाला, “मॅडम, बिले तुमच्या हातून जातात. तुमच्याशिवाय हे कोणाला ठाऊक होते?” त्या बाईंची नोकरी तीस वर्षांची, त्यांच्याविषयी कधी एक शब्द कोणी ऐकला नव्हता. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कँटीनमध्ये येणे बंद केले, आणि सहा महिन्यांनी दुसरीकडे बदली मागून घेतली.

त्यानंतरच्या वर्षी मुख्य कार्यालयातून तपासणीसाठी पथक आले. त्यातील संगणक विभागाच्या एका तरुण अधिकाऱ्याने ‘स्टाफ’ फोल्डरची परवानग्यांची यादी छापून टेबलावर ठेवली. औषधोपचाराची बिले वाचण्याचा अधिकार कार्यालयातील झाडून सगळ्यांना होता! अधिकारी, कारकून, शिपाई, शिवाय सहा महिन्यांसाठी आलेली शिकाऊ मुले. कोणी केव्हा उघडले याची नोंद ठेवण्याची सोय सर्व्हरमध्ये असते, पण ती चालूच केलेली नव्हती. त्यामुळे गोष्ट कोणी फोडली हे शेवटपर्यंत कळले नाही. मॅडमनी फोडली नाही हेही त्यामुळे सिद्ध करता आले नाही. परवानगी आवळली म्हणजे आपल्यावर अविश्वास दाखविला असे पुष्कळ कर्मचाऱ्यांना वाटते. आमचा अनुभव उलट आहे. फोल्डर तीनच माणसांना उघडता येत असते आणि नोंद चालू असती, तर त्या बाई अर्ध्या तासात संशयातून मोकळ्या झाल्या असत्या. सगळ्यांनाच चावी दिलेली असते तेथे निर्दोष माणसाजवळ पुरावा उरत नाही.

हे घडले कसे? यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. उचलीचा फॉर्म सर्वांना मिळावा म्हणून कोणीतरी ‘स्टाफ’ या वरच्या फोल्डरला ‘सर्वांना वाचण्याची परवानगी’ दिली. विंडोज सर्व्हरमध्ये वरच्या फोल्डरला दिलेली परवानगी आपोआप खालच्या फोल्डरांत उतरते. मुद्दाम तोडल्याशिवाय ती साखळी तुटत नाही. वारसाहक्काने शेतजमीन जशी न मागता मुलांकडे येते, तशीच ही परवानगी. फॉर्मसाठी उघडलेले दार थेट बिलांपर्यंत गेले. फॉर्म वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला असता तर काम पाच मिनिटांचे होते.

परवानगीचे आणखी काही स्वभाव जाणून घेणे आवश्यक आहे, कारण यादी वाचताना फसगत तेथेच होते. नेटवर्कवरून फोल्डर उघडताना दोन दारे लागतात. एक ‘शेअर’चे दार आणि दुसरे आतील फाईल प्रणालीचे, जिला एनटीएफएस म्हणतात. दोन्हींपैकी जे अधिक अरुंद तेवढेच माणसाला मिळते. मात्र कोणी थेट सर्व्हरच्या समोर बसून काम करू लागला तर शेअरचे दार लागतच नाही, म्हणून खरा बंदोबस्त आतील दाराचा हवा. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत नवे शेअर केले की ‘एव्हरीवन’ म्हणजे सर्वांना पूर्ण अधिकार आपोआप मिळत असे. २००३ च्या सर्व्हरपासून तो केवळ वाचण्यापुरता झाला. परंतु जुन्या सर्व्हरवरची मांडणी जशीच्या तशी नव्यावर उतरवून घेतलेली कार्यालये असतात, आणि तेथे जुने पाप नव्या यंत्रावर सुखाने नांदते.

दुसरा स्वभाव बेरजेचा. माणूस एकाच वेळी अनेक गटांत असतो. एका गटाला वाचण्याचा अधिकार, दुसऱ्याला लिहिण्याचा, तर त्याला दोन्ही मिळतात. म्हणून एकट्या माणसाच्या नावावर काही दिसत नाही म्हणून समाधान मानू नये, त्याचे गट उघडून पाहावेत. गटाच्या पोटात दुसरा गट असतो, तोही उघडावा. ‘नकार’ हा शब्द साधारणपणे परवानगीवर मात करतो. त्यामुळे काही जण घाईने नकार लावून मोकळे होतात आणि मग साहेबांचेच फोल्डर साहेबांना उघडत नाही. नकार मिठासारखा वापरावा.

तिसरा स्वभाव आम्हांला सर्वांत चमत्कारिक वाटला. एखादी फाईल कॉपी करून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकली तर ती नव्या घराचे नियम पाळते. पण त्याच डिस्कवर ती उचलून हलविली, तर ती जुन्या घराचे नियम बरोबर घेऊन येऊ शकते. गोपनीय फोल्डरमध्ये हलविलेली फाईल म्हणूनच कधी कधी सर्वांना उघडी राहते. तपासणीत केवळ फोल्डर पाहून भागत नाही, आतील काही फाईली उघडून पाहाव्या लागतात त्या यासाठी.

आणि ‘पूर्ण अधिकार’ या शब्दाविषयी. पूर्ण अधिकार असलेला माणूस यादीच बदलू शकतो, म्हणजे तो दुसऱ्याला चाव्या पाडून देऊ शकतो. रोजच्या कामाला ‘बदल करण्याचा’ अधिकार पुरतो. पूर्ण अधिकार संगणक विभागापलीकडे कोणाला असू नये, मग तो कितीही वरिष्ठ असो. हे शेवटचे वाक्य लिहिणे सोपे आहे, साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बोलणे कठीण आहे, हे आम्ही जाणतो.

प्रत्यक्ष तपासणी कशी करावी? आम्ही त्या तरुण अधिकाऱ्याच्या हाताखाली तीन आठवडे काम केले, त्यावरून सांगतो. त्याने सर्व्हरपासून सुरुवात केली नाही, कागदापासून केली. प्रत्येक विभागप्रमुखाला विचारले, तुमचा कोणता कागद चव्हाट्यावर आला तर तुम्हांला झोप लागणार नाही? उत्तरांतून अकरा फोल्डरे निघाली. हजारो फोल्डरांपैकी आधी ती अकराच घ्यावयाची ठरली. मग प्रत्येकाला एक धनी नेमला. धनी म्हणजे संगणक सांभाळणारा नव्हे. बिलांच्या फोल्डरचा धनी स्टाफ विभागाचा प्रमुख, कारण कोणाला काय लागते हे त्यालाच ठाऊक.

यानंतर याद्या काढल्या. विंडोजमध्ये आयकॅकल्स नावाची आज्ञा आहे, पॉवरशेलमध्येही तशी सोय आहे, आणि ॲक्सेसएनम नावाचे एक विनामूल्य साधन खालच्या फोल्डरांत वरच्यापेक्षा वेगळे काय आहे ते दाखविते. काढलेली यादी धन्यासमोर ठेवून एकेका नावावर बोट ठेवीत विचारावयाचे, हा माणूस आज कोणत्या कामासाठी हे उघडतो? “असू द्या, लागेल कधीतरी” हे उत्तर चालत नाही. लागेल तेव्हा देता येते.

दुसरीकडे कर्मचाऱ्यांची चालू हजेरी-यादी घेतली व दोन्ही पडताळून पाहिल्या. निवृत्त झालेले दोघे सापडले, त्यांची लॉगिने जिवंत होती. काही ठिकाणी नावाऐवजी एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक आकडा दिसला. खाते पुसले तरी यादीतील त्याची नोंद आपोआप पुसली जात नाही, त्याचे हे भूत. ते निरुपद्रवी असते, पण यादी वाचता येईनाशी करते, म्हणून काढून टाकावे. एक लॉगिन कोणत्याच माणसाचे नव्हते. ते रात्री बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामचे निघाले. ओळख न पटवता ते काढले असते तर बॅकअप बंद पडला असता, म्हणून अनोळखी नाव दिसताच खोडण्याची घाई करू नये. आमचे स्वतःचे नाव कर्ज विभागाच्या दोन फोल्डरांवर निघाले ते याच दिवशी. त्या अधिकाऱ्याने वर न पाहता विचारले, “हे कोण?” आम्ही म्हटले, “आम्हीच.”

परवानग्या काढण्यापूर्वी त्याने मूळ याद्या त्याच आयकॅकल्स आज्ञेने एका फाईलमध्ये जतन करून ठेवल्या, चूक झाल्यास पूर्ववत करता यावे म्हणून. महिनाअखेर व मार्च टाळला. एका दिवशी एकच फोल्डर घेतले. गटातून नाव काढले तरी तो माणूस पुन्हा लॉगिन करीपर्यंत जुना अधिकार चालत राहतो, हे आम्हांस तेव्हा कळले, म्हणून परिणाम दुसऱ्या दिवशी पाहावयाचा. ओरड झालीच. अकरा फोल्डरांत मिळून चौघांच्या तक्रारी आल्या, त्यांपैकी एक खरी होती. तिला लगेच परवानगी परत दिली आणि कारण लिहून ठेवले. शेवटी त्या अकरा फोल्डरांपुरती कोण काय उघडतो याची नोंद चालू केली. सगळ्या सर्व्हरवर ती चालू केली तर नोंदींचा एवढा ढीग होतो की कोणी वाचत नाही.

अधिकार साठत गेले की काय होते याची मोठी उदाहरणे जगापुढे आहेत. इंग्लंडच्या बॅरिंग्ज बँकेत निक लीसन हा सिंगापूरमध्ये सौदेही करीत होता आणि त्या सौद्यांचे हिशेब मिळविण्याचे कामही त्याच्याच हाती होते. ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात तो तोटा दडवीत गेला. १९९५ साली तो तोटा ८२ कोटी पौंडांवर गेला व दोनशे वर्षांहून जुनी ती बँक आयएनजीने एका पौंडाला घेतली. हे फोल्डरचे प्रकरण नाही, पण चावीचे निश्चित आहे. तपासणीत दोन अधिकार एका हाती आलेले दिसले की आम्हांला सिंगापूर आठवते.

दुसरे उदाहरण अधिक विचार करावयास लावणारे आहे. २००१ च्या अमेरिकेवरील हल्ल्यानंतर तेथील खात्यांनी एकमेकांपासून माहिती लपविल्याची टीका झाली, म्हणून माहिती अधिकाधिक जणांना खुली करण्यात आली. इराकमध्ये नेमणुकीस असलेल्या मॅनिंग या सैनिकी विश्लेषकाला त्यामुळे जगभरच्या अमेरिकी वकिलातींचे संदेश बसल्या जागी वाचता येत होते. २०१० साली असे सुमारे अडीच लाख संदेश विकिलीक्सच्या हाती गेले. मॅनिंगने केले ते योग्य की अयोग्य यावर जगभर वाद झाला. तो येथे सोडून देऊ. एका विश्लेषकाच्या कामाला तेवढे सगळे लागत होते काय, एवढाच आमचा प्रश्न. घटनेनंतर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपले संदेश त्या नेटवर्कपासून तोडले. आधी दार सताड उघडे, मग एकदम कुलूप. शांतपणे यादी तपासण्याचे काम मध्ये राहूनच गेले.

अलीकडे खंडणीखोर व्हायरसांची भर पडली आहे. असा व्हायरस ज्याच्या लॉगिनने आत येतो, त्याला जेथे लिहिण्याचा अधिकार असेल त्या सर्व फाईली कुलूपबंद करू शकतो. म्हणजे एका कारकुनाने फसवे पत्र उघडले, तर नुकसान किती व्हावे हे त्याच्या परवानग्यांवर बरेचसे अवलंबून. ज्याला फक्त वाचावयाचे आहे त्याला लिहिण्याचा अधिकार देणे किती महागात पडते पाहा.

लहान कार्यालयांत सर्व्हर नसतो, एकच संगणक आणि एकच पासवर्ड असतो, तोही बहुधा पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर. तेथे निदान प्रत्येकाचे वेगळे लॉगिन करावे आणि दाखले व रिपोर्ट असलेल्या फोल्डरवर दोन-तीनच नावे ठेवावीत. जो माणूस काम सोडून जाईल त्याचे लॉगिन त्याच दिवशी बंद करावे, निरोप समारंभाची वाट पाहू नये. लिनक्स वापरणाऱ्यांनी ‘७७७’ ही परवानगी कोठे दिली आहे ते शोधावे. तिचा अर्थ धनी, गट आणि उरलेले सर्व जग यांना सर्व काही करण्याची मुभा. काम अडले की कोणीतरी ती देऊन टाकतो आणि काम चालू झाले की विसरतो.

त्या कार्यालयात मग दर सहा महिन्यांनी अकरा याद्या धन्यांकडे सहीसाठी जाऊ लागल्या आणि बदलीच्या आदेशाची एक प्रत संगणक विभागाला देण्याचे ठरले. हे दुसरे काम अधिक मोलाचे, असे आमचे मत आहे, कारण घोटाळ्याचे मूळ बदलीत आहे.

गेल्या वर्षी आमची पुन्हा बदली झाली. चार्ज लिस्टमध्ये शिक्के व किल्ल्यांच्या खाली आम्ही पाच फोल्डरांची नावे लिहिली आणि ‘परवानगी काढावी’ असा शेरा मारला. चार्ज घेणारा मुलगा नवा होता, त्याने विचारले, “काका, हे कशाला?” आम्ही म्हटले, “सही कर, मग सांगतो.” नव्या टेबलावर बसून चौथ्या दिवशी आम्ही पाचही फोल्डरे उघडून पाहिली. चारांनी प्रवेश नाकारला. पाचवे उघडले. ते तसेच बंद करून आम्ही संगणक विभागाला दुसरे पत्र लिहिले, आणि त्याची पोच मागून घेतली.